दिवा जवळ नेला, तरी बुडबुडे वाढेनात

संस्कृतांत वृक्षास ‘पादप’ असें नांव आहे. पायांनीं पाणी पितो तो पादप. नांव मोठें मार्मिक, पण तें वृक्षाचा अर्धाच व्यवहार सांगतें. वाळलेल्या लाकडाचा बहुतेक भाग मुळांनीं मातींतून आणिलेला नसून पानांनीं हवेंतून घेतलेला असतो. हवेंतील कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनीं पुरविलेलें पाणी यांपासून, उजेडाच्या बळावर, पान साखर तयार करितें व प्राणवायु बाहेर टाकितें. यासच प्रकाशसंश्लेषण म्हणतात.

आतां प्रश्न असा कीं, उजेड वाढविला म्हणजे हें काम त्याच प्रमाणांत वाढतें काय? याचें उत्तर घरच्या घरीं पाहतां येतें. सगळे ज्यास सरसकट शेवाळ म्हणतात, त्यांतच संथ पाण्यांत वाढणारी हायड्रिला नांवाची वनस्पति असते. तिची ताजी फांदी कापून, कापलेलें टोंक वर करून, पाण्यानें भरलेल्या कांचेच्या पेल्यांत बुडवावी. पाण्यांत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा; फांदीस लागणारा कार्बन त्यांतून मिळतो. खोलींत अंधार करून शेजारीं एलईडी दिवा ठेवावा. जुन्या तारेच्या दिव्यानें पाणी तापतें, आणि मग फरक उजेडाचा कीं उष्णतेचा, हें कळेनासें होतें. थोड्याच वेळांत टोंकांतून बुडबुड्यांची माळ सुटूं लागते. पांच मिनिटें दम धरावा आणि मग मिनिटाचे बुडबुडे मोजावे. प्रत्येक अंतरावर तीनदां.

पाण्यांतील पानांचे हे बुडबुडे उजेडांत निघतात, अंधारांत थांबतात, हें यान इंगेनहाऊझ या डच वैद्यानें १७७९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. आपल्या जगदीशचंद्र बसूंनीं तर याच हायड्रिलावर काम केलें, बुडबुड्यांची नोंद आपोआप घेणारें यंत्र बनविलें आणि १९२४ सालीं या विषयावर ग्रंथ लिहिला. तेव्हां आपल्या पेल्याचें कूळ कांहीं सामान्य नव्हे!

दिव्याचें अंतर निम्में केलें कीं उजेड चौपट होतो, हें भूमितीचें गणित. आमच्या नातीनें दिवा ४० सेंटिमीटरवरून २० वर आणिला, तेव्हां बुडबुडे चांगलेच वाढले. २० वरून १० वर आणितां थोडे वाढले. १० वरून ५ वर आणिला, तर जवळजवळ वाढलेच नाहींत. तिच्या हातीं बाजारांतील एक मार्गदर्शक होतें. त्यांत प्रत्येक वेळीं नेमके चौपट आंकडे छापलेले. “आजोबा, यांतलेच उतरवूं का? नाहींतर गुण जातील,” असें ती म्हणाली. आम्हीं सांगितलें, “जें मोजलेंस तेंच लिही. गुण गेले तर जाऊं देत.” प्रयोगवह्या पाहून भरण्याचा रोग जुना आहे, आमच्या नोकरीच्या काळांतहि तो होता. येथें मात्र त्या छापील आंकड्यांखालीं प्रयोगांतील सर्वांत मोलाची गोष्टच पुरली जात होती.

ती गोष्ट म्हणजे आलेखाची रेषा वांकते ही. एफ. एफ. ब्लॅकमन या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें १९०५ सालीं तिचा उलगडा केला: अनेक गोष्टींवर अवलंबून असणाऱ्या कामाचा वेग, त्यांपैकीं जी सर्वांत तोकडी पडते, ती ठरविते. पेल्यांत आणखी थोडा सोडा टाकितांच थांबलेली गणती पुन्हां चढूं लागली, म्हणजे अडलें होतें तें उजेडासाठीं नव्हे.

पिकापिकांतहि भेद आहे. गव्हाचें एकटें पान भर उन्हाच्या सुमारें निम्म्या उजेडांतच तृप्त होतें; उंसाचें पान मध्यान्हींच्या उन्हांतहि आणखी मागतें. हवेंतील कार्बन आधीं सांठवून मग वापरण्याची युक्ति उंसापाशीं आहे. तिचा शोध १९६५-६६ च्या सुमारास हवाई बेटांत व ऑस्ट्रेलियांत लागला. म्हणूनच प्रवरेच्या कालव्यांखालीं ऊस असा फोफावला, आणि प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदरा धरण नसतें, तर एकट्या सूर्यानें हें केलें नसतें.

पारनेर, कर्जत, जामखेड येथें पाहा. ऊन तेथें मुबलक. पण पाणी तुटलें कीं पान आपलीं सूक्ष्म छिद्रें मिटून घेतें. छिद्रें मिटलीं कीं हवेंतील कार्बनहि आंत येत नाहीं, आणि डोक्यावरचें सारें ऊन फुकट जातें. आमच्या नगर जिल्ह्यांत, ज्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे, तोकडी पडते ती वस्तु बहुतेक ठिकाणीं पाणीच. हिवरे बाजारच्या गांवकऱ्यांनीं हें ओळखून ऊस-केळीसारख्या तहानलेल्या पिकांस मज्जाव केला, शेतीसाठीं कूपनलिका बंद केल्या, आणि पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडून त्या वर्षीं कोणतें पीक घ्यावयाचें तें गांवसभेंत ठरविण्याचा प्रघात पाडला.