चाळिशीचे पेन्शनर

दिवाळी जवळ आली की सीमेवरच्या जवानांसाठी घरोघरी फराळाचे डबे भरले जातात. चकली जरा कडक झाली तरी चालते. जवानाच्या दातांवर आपला पूर्ण विश्वास असतो! प्रथा चांगलीच आहे. पण वाचकहो, तोच जवान नोकरी संपवून कायमचा घरी आला, की पुढे त्याचे काय होते याची चौकशी आपण क्वचितच करतो.

‘माजी सैनिक’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या झुपकेदार मिशांचे, छातीवर पदके लावलेले सुभेदारसाहेब उभे राहतात. प्रत्यक्षात आपल्या सैन्यदलांतून दरवर्षी ६०,००० च्या आसपास माणसे निवृत्त होतात आणि त्यांतली बहुतेक ३५ ते ४५ या वयातली असतात. सैन्य तरुण ठेवायचे तर शिपायाला लवकर मोकळे करणे भागच आहे. १५ वर्षे नोकरी झाली की त्याला पेन्शनचा हक्क मिळतो. पण तो घरी येतो तेव्हा थोरली मुलगी आठवीत असते, धाकटा नुकता शाळेत जाऊ लागलेला असतो, आणि आईवडील थकलेले असतात. आपल्याकडे पेन्शन सुरू होते तेव्हा खर्च उतरणीला लागलेला असतो; त्याच्या घरी दोन्ही एकदमच चढणीला लागतात.

सरकारने काही केले नाही असे मुळीच नाही. २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना आहे. पूर्वी एकाच हुद्द्याचे, सारखीच नोकरी झालेले दोन हवालदार वेगवेगळ्या साली निवृत्त झाले, तर त्यांच्या पेन्शनीत मोठा फरक पडे. ‘समान हुद्दा, समान पेन्शन’ ही त्यांची मागणी कित्येक वर्षांची. तिचा हुकूम नोव्हेंबर २०१५ मध्ये निघाला आणि तो १ जुलै २०१४ पासून लागू झाला. केंद्र सरकारच्या ‘क’ वर्गाच्या नोकऱ्यांत त्यांच्यासाठी १० टक्के जागाही राखून ठेवल्या आहेत. मात्र त्या सगळ्या भरल्या जात नाहीत. कवायतीत आणि पहाऱ्यात ज्याची वर्षे गेली, त्याला ताज्या पदवीधरांच्या रांगेत बसून लेखी परीक्षा द्यायची असते!

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत एकदा पहारेकरी नेमायचा होता. अर्जदार एकेचाळीस वर्षांचे निवृत्त हवालदार. “मिलिटरीवाले आहेत, राखण चोख करतील,” असे म्हणून सर्वांनी माना डोलावल्या. चहा घेताना मी सहज विचारले, “सैन्यात काम कोणते होते आपल्याकडे?” ते म्हणाले, “मोटार मेकॅनिक होतो, साहेब. लडाखात बर्फातली वाहने चालू ठेवायचो.” तेवढ्यात एका सभासदाने पुढचा प्रश्न टाकला : “कँटीनमधून सामान आणता येईल का हो?”

ते फाटकावर रुजू झाले. शेजारच्या रस्त्यावरच्या गॅरेजला मात्र चांगला मेकॅनिक मिळत नव्हता!

काम नीट मिळाले म्हणजे काय घडते, याचे उदाहरण पुण्याच्या मुरलीकांत पेटकरांचे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या; एक मणक्यात अडकली. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. २०१८ ची पद्मश्री आणि पुढचा चित्रपट आपल्याला ठाऊक आहेत. मला महत्त्वाची वाटते ती मधली गोष्ट : टेल्कोत त्यांनी वर्षानुवर्षे नोकरी केली. पदक एका दिवसात मिळते, घर रोज चालवावे लागते.

हा प्रश्न आता आणखी तरुण होत आहे. २०२२ सालच्या अग्निपथ योजनेत जवान चार वर्षांसाठी भरती होतो. त्यांतल्या २५ टक्क्यांपर्यंतच जवानांना पुढे कायम केले जाते. बाकीचे ठोक रक्कम घेऊन, पण पेन्शनीवाचून, ऐन पंचविशीच्या आतबाहेर घरी येतात. त्यांना ‘माजी’ म्हणताना आपली जीभही अडखळेल.

७ डिसेंबरला ध्वजदिन असतो. १९४९ पासून चालत आलेल्या या दिवशी डब्यात पैसे जरूर टाका. त्या निधीतून विधवा, जखमी जवान आणि त्यांची मुले यांना मदत होते. पण आपल्यापैकी कुणाच्या हाती कारखाना असेल, कुणाच्या दुकान, कुणाच्या शाळा. माणूस हवा असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन एकदा विचारा. आणि समोर माजी सैनिक आला, तर त्याला सलाम करण्याआधी “आपण कोणते काम जाणता?” एवढे विचारायला विसरू नका.