किनाऱ्यावरील ट्रॉलीची निगा

ट्रॅक्टरचे तेल वेळेवर बदलणारा शेतकरीही मागील ट्रॉलीकडे क्वचितच पाहतो. चाके फिरत आहेत तोवर तिला काय होणार, असा समज रूढ आहे. श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरसारख्या समुद्रकाठच्या गावी हा समज महाग पडतो. खाऱ्या वाऱ्यातील मीठ लोखंडावर बसते व हवेतील ओल धरून ठेवते. त्यामुळे पावसाळा सरला तरी गंज थांबत नाही. सांध्यांत व तळाच्या पत्र्याखाली तो नकळत वाढतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, किनाऱ्यावर ट्रॉलीची निगा इंजिनाच्या निगेइतकीच आवश्यक मानावी. ट्रॉली गोड्या पाण्याने खालूनही वरचेवर धुवावी. गंज खरवडून रेड ऑक्साइड व त्यावर रंग द्यावा. चाकांच्या बेअरिंगला ग्रीस भरावे व नट आवळावेत.

उताराच्या रस्त्यावर तर जीवच पणाला लागतो. झिजलेली जोडपिन तत्काळ बदलावी. तिच्या जागी सळईचा तुकडा घालू नये. जोडाला सुरक्षा साखळी असावी. दोन चाकी ट्रॉलीत जांभ्याचे चिरे मागच्या बाजूस रचल्यास पुढचा दांडा वर उचलला जातो व ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड सुटते. म्हणून भार आसाच्या किंचित पुढे असावा. मागे लाल परावर्तक लावावेत आणि मालावर माणसे कदापि बसवू नयेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी भातकापणीपूर्वी प्रत्येक वाडीत ट्रॉली-तपासणीचा एक दिवस ठेवावा. पिनेचा खर्च अल्प आहे. ती तुटल्यावर होणारी हानी मात्र कोणत्याही पिकाने भरून निघत नाही.