तुरुंगातील माग आणि मजुरीचा हिशेब

दिवाळीच्या सुमारास येरवडा कारागृहाच्या विक्री केंद्रात कैद्यांनी बनविलेल्या मालाचे प्रदर्शन भरते. सतरंज्या, टॉवेल, चादरी, लाकडी सामान. माल मजबूत असतो, यात शंका नाही. इतकी वर्षे कापड हाताळल्यावर बोटांना तेवढे कळते. पण थान हातात घेतले की आम्हा व्यापाऱ्यांच्या मनात पहिला सवाल येतो तो भाव कसा बांधला याचा. आणि इथेच आमचे अडते.

सूत, रंगाई, मजुरी, वीज, जागेचे भाडे, वर थोडा नफा. मालेगाव-भिवंडीचा यंत्रमागवाला असाच भाव बांधतो. तुरुंगात जागा सरकारची, भाडे नाही. मजुरी म्हणावी, तर 2023 च्या वाढीनंतरही महाराष्ट्रात कुशल कैद्याचा रोज शंभर रुपयांच्या आतच राहिला. मग माल स्वस्त विकला, तर बाहेरच्या विणकराच्या पोटावर पाय येतो. बाजारभावाने विकला, तर मधला फरक कैद्याच्या घामाचा आहे. तो कोणत्या खात्यात जमा झाला, ते सांगावे. तिसरा रस्ता आम्हाला तरी दिसत नाही. काम वाया गेले, माल पडून राहिला, असे कोणी म्हणेल. तसे असेल तर तेही वहीत दिसू द्या.

हे दुखणे जुने आहे. इंग्रजी अमदानीत आग्र्याच्या तुरुंगात राणी व्हिक्टोरियासाठी प्रचंड गालिचा विणला गेला. त्याच्याही आधी, 1880 मध्ये, जॉर्ज बर्डवुड या इंग्रज जाणकाराने तुरुंगांतील गालिच्यांमुळे पिढीजात कारागीर बुडत असल्याची तक्रार लिहून ठेवली होती.

कायदा काही मुका नाही. 24 सप्टेंबर 1998 रोजी सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या खटल्यात सांगितले की सक्तमजुरीच्या कैद्याकडून काम घेणे कायदेशीर आहे, पण त्याला रास्त मजुरी दिलीच पाहिजे. त्यासाठी राज्यांनी मंडळ नेमावे, किमान वेतन ध्यानात घ्यावे आणि जेवण-कपड्याचा खर्च वजा करावा. त्याच्याही आधी 1983 मध्ये मुल्ला समितीने रास्त मजुरीचा आग्रह धरला होता. (आम्ही उर्दू शाळेत शिकलेले, न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला हे नाव आम्हाला आधी शायर म्हणून ठाऊक.) वजावटीला आमची हरकत नाही. ती किती, आणि कोणी ठरविली, याचा कागद मात्र कैद्याच्या हाती पडला पाहिजे.

सीरतच्या किताबांत बद्रच्या कैद्यांची हकीकत आहे. ज्यांना लिहिता-वाचता येत होते त्यांनी दहा मुलांना शिकवावे आणि सुटावे. काम किती, मोबदला काय, दोन्ही आधीच ठरलेले होते.

आज काम देणारे, दर लावणारे, माल विकणारे आणि बहुतेक वेळा तक्रार ऐकणारेही एकच खाते आहे. सरकारी लेखापरीक्षण होते. पण मागावर कोण किती तास बसला, हे बाहेरच्या माणसाने आत जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. कच्च्या कैद्यावर तर कामाची सक्तीच नाही. आपल्या मोहल्ल्यांतील आत असलेली कितीतरी मुले कच्चे कैदीच आहेत. त्यांना ही गोष्ट कोणी सांगितली आहे काय?

3 ऑक्टोबर 2024 रोजी सुप्रीम कोर्टाने तुरुंगात जात पाहून काम वाटण्याचे नियम रद्द केले. हा भेदभाव चालू आहे का, हे पाहण्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांनी मिळून नियमित तपासणी करावी, असाही हुकूम दिला. तपासणीला आत गेलेल्या त्याच माणसांनी मजुरीची वहीही उघडावी. मंडळावर अशासकीय सभासद घेतात. त्यांत एखादा सूत-कापडाचा हिशेब वाचू शकणारा असावा. वकील आणि समाजसेवक भले असतात, पण एका थानाला किती सूत लागते हे त्यांना ठाऊक नसते.

आमच्या व्यापारी आणि विणकर संघटनांनी यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी अर्ज द्यावेत. ज्यांचा कोणी आत आहे त्यांनी पुढच्या मुलाखतीत त्याला एवढेच विचारावे: गेल्या महिन्यात किती दिवस काम केलेस, आणि खात्यावर किती जमा झाले?