लिहवून कोण घेतो ?

विद्यार्थ्यांस लिहितां येत नाहीं, ही ओरड हल्लीं प्रत्येक महाविद्यालयाच्या शिक्षकदालनांत ऐकूं येते. आरोप खोटा नाहीं. कर्ता एका ओळींत बसलेला व क्रियापद रानोमाळ भटकत असलेलें, अशीं वाक्यें पदवीच्या उत्तरपत्रिकांत आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. वाद आहे तो आरोपी कोण, याविषयीं. आमचे व्यवसायबंधु मोबाइलकडे बोट दाखवितात. पण अमेरिकेंतील ‘न्यूजवीक’ साप्ताहिकानें तेथील मुलांविषयीं हेंच गाऱ्हाणें १९७५ सालीं मुखपृष्ठावर छापलें होतें. तेव्हां कोणत्या मुलाच्या खिशांत मोबाइल होता ?

आपल्या घरचेंच उदाहरण घेऊं. २०२३ सालच्या आरंभीं महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचे उमेदवार पुण्यांत रस्त्यावर उतरले. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेंत दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडण्याची रीत जाऊन सविस्तर उत्तरें लिहिण्याची रीत येणार होती. ती २०२५ पासून आणावी, असें त्यांचें मागणें होतें. आयोगानें तें मान्य केलें. अशा मुलांस आळशी म्हणणें सोपें आहे. पण तो न्याय नव्हे. एका रीतीची वर्षानुवर्षें तयारी केलेल्यानें, रीत बदलतांना मुदत मागावी यांत वावगें कांहीं नाहीं. लाज वाटावयाची तर ती आम्हां पदवी देणारांस वाटावी. निदान तीन वर्षें महाविद्यालयांत काढलेल्या तरुणास स्वतःच्या वाक्यांत उत्तर लिहिण्यासाठीं आणखी मुदत लागत असेल, तर त्या तीन वर्षांत आम्हीं केलें काय ?

आम्हीं नोट्स सांगितल्या, त्यानें उतरून घेतल्या. परीक्षेंत त्याच आमच्याकडे परत आल्या आणि आम्हीं संतोषानें गुण दिले. वैद्यक व अभियांत्रिकी यांच्या प्रवेशपरीक्षांत तर एक वाक्यहि लिहावें लागत नाहीं. म्हणून अकरावी-बारावीचीं दोन वर्षें हुशार मुलगा पर्यायांवर खुणा करण्यांतच घालवितो. ज्या मालास गिऱ्हाईक नाहीं तो पिकवील कोण ?

वर्ग मोठे, तपासावयास वेळ कोठून आणावा, असें उत्तर मिळतें. हिशेब करूं. ऐंशी मुलें, प्रत्येकाचें एक पान, पानास दहा मिनिटें : तेरा तासांहून अधिक. भार खरोखरच मोठा आहे, आणि शिक्षकांच्या जागा भरल्यावांचून तो हलका होणार नाहीं. तरी महिन्यांतून एकदां तो उचलणें अशक्य नव्हे. मुलानें लिहावें, शिक्षकानें चुका दाखवाव्या आणि मुलानें तेंच पान पुन्हा लिहावें. या तिसऱ्या पायरीवांचून तांबड्या शाईचा कांहींएक उपयोग नाहीं. पोहणें काठावरील व्याख्यानानें येत नाहीं. लेखनहि येत नाहीं.

पालकांसहि एक विनंति आहे. गुण किती मिळाले हें विचारण्यापूर्वीं, “या महिन्यांत काय लिहिलेंस ?” एवढें मुलांस विचारावें. दाखविण्यास त्यांच्याजवळ एक पानहि नसेल, तर त्यांच्यावर रागावूं नये, आमच्याकडे यावें. जाब आम्हींच दिला पाहिजे.