सगळेच देवमासे?

परवा रविवारी लेकीला घेऊन न्युरेम्बर्गच्या प्राणीसंग्रहालयात गेलो होतो. डॉल्फिनच्या तळ्यापाशी पाटी होती, 'ग्रोसर ट्युम्लर'. म्हणजे साधारण 'मोठा बागडणारा'. परत येताना ट्राममध्ये नवे पुस्तक उघडून तिने माझीच परीक्षा घेतली.

"बाबा, ब्लाउवालला मराठीत काय म्हणतात?"
"देवमासा."
"आणि पॉटवालला?"
"देवमासा."
"आणि ग्रिंडवालला?"
"...देवमासाच."
"बाबा, तुला येत नाही ना?"

खरे होते. मला येत नव्हते.

ग्रिंडवाल म्हणजे इंग्रजीतला पायलट व्हेल. काळा, वाटोळ्या डोक्याचा, पाच-सहा मीटर लांब आणि शास्त्राच्या हिशेबाने डॉल्फिनच्याच कुळातला. त्याची नावे मात्र ऐकण्यासारखी आहेत. 'ग्रिंड' हा फेरो बेटांवरचा शब्द, या प्राण्यांच्या कळपासाठी. तिथे अख्खा कळप होड्यांनी हाकत किनाऱ्याला आणून मारतात, शतकानुशतके आणि आजही. स्पॅनिश लोकांना त्याचे डोके काहिलीसारखे वाटले, म्हणून 'काल्देरोन'. इंग्रजांना वाटले की कळपापुढे एक वाटाड्या असतो, म्हणून 'पायलट'. कोणी काय पाहिले, ते नावात राहून गेले.

आणि हा प्राणी काही परका नव्हे. जानेवारी २०१६ मध्ये तमिळनाडूत तिरुचेंदूरजवळ मणप्पाडच्या किनाऱ्यावर ८० हून अधिक पायलट व्हेल येऊन पडले. मच्छीमारांनी त्यांना होड्यांनी खोल पाण्यात नेऊन सोडले, तर त्यातले बरेच परत आले! त्याच किनारपट्टीवर १९७३ च्या जानेवारीत १४७ आले होते. कळप सोडून जाणे हे या प्राण्यांच्या स्वभावातच नाही. फेरोच्या शिकाऱ्याने नेमके तेच हेरले आणि नावही कळपाचेच दिले.

कोणी म्हणेल, शास्त्रीय नाव आहे की, मग हा खटाटोप कशाला? शास्त्रज्ञापुरते ते ठीक आहे. पण वाळूवर पडलेला प्राणी पहिल्यांदा दिसतो तो कोळ्याला. त्याच्याकडे नेमका शब्द असला आणि कागदावर मात्र नुसते 'देवमासा' उतरले, तर नोंद वाया गेली. कोणता प्राणी, किती वेळा, कुठे, हे मग कधीच कळणार नाही.

यावर उपाय म्हणून एखाद्या समितीने 'वैमानिक देवमासा' असले काही घडवू नये एवढीच प्रार्थना! कोकणातले मच्छीमार डॉल्फिनला 'गादा' म्हणतात. शाळेत मला तो शब्द कोणी शिकवला नाही, मी थेट 'डॉल्फिन' शिकलो. अशी आणखी किती नावे बंदरांवर पडून असतील? ती आधी विचारून, लिहून घ्यायला हवीत. ती जाणणारे लोक आता म्हातारे होत चालले आहेत.

असो. पुढच्या सुट्टीत मालवणला गेलो की लेकीचे पुस्तक बरोबर नेणार आहे. चित्रे दाखवायची आणि गप्प बसून ऐकायचे.