'अजिंक्य' या शब्दाआड

मुळशीच्या तलावाकाठून ताम्हिणी घाट उतरणाऱ्या मोटारींची शनिवारी सकाळी जी रांग लागते, तिच्यातल्या बऱ्याचशा माणगावमार्गे मुरूडच्या वाळूकडे निघालेल्या असतात. मुरूडला जायचे म्हणजे जंजिरा पाहायचा, हे ओघाने आलेच. राजपुरीच्या धक्क्यावरून होडी सुटली की एक शब्द कानांवर आदळू लागतो : अजिंक्य. पुढे दारावरचे हत्ती दाबून धरलेले श्वापद, कलालबांगडी तोफ, समुद्राच्या पोटातले गोडे पाणी, आणि दारूची पिंपे घेऊन व्यापाऱ्यांच्या वेषात आलेल्या सिद्द्यांनी राम पाटलाच्या कोळ्यांना कसे फसवले ती आख्यायिका. प्रवासी तृप्त होऊन परततो.

माझी तक्रार आख्यायिकांविषयी नाही, त्या हव्यातच. तक्रार आहे ती 'अजिंक्य' या विशेषणाविषयी. हा शब्द उच्चारला की जंजिरा का घेता आला नाही, हा प्रश्नच उरत नाही. जणू सारा पराक्रम त्या तटाच्या दगडांचा!

प्रश्नाची उत्तरे मात्र आहेत. महाराजांनी समोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. त्या कामाला वेळेवर रसद न पोचवणाऱ्या प्रभावळीच्या सुभेदाराला, जिवाजी विनायकाला, त्यांनी लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. हबशांनी काही देऊन तुम्हांस आपले चाकर केले की काय, असा संशय त्यात उघड व्यक्त झाला आहे. 1676 च्या मोहिमेत लाय पाटील आणि त्याच्या कोळ्यांनी रात्री तटाला शिड्या लावल्या, पण मोरोपंतांची माणसे पोचली नाहीत आणि पहाटेपूर्वी शिड्या काढाव्या लागल्या, असे सांगतात. 1682 मध्ये संभाजीराजांनी समुद्र बुजवून सेतू बांधायला घेतला. मोगल कोकणात उतरल्यामुळे तो अर्धवट राहिला. सिद्द्यांचे दर्यावर्दीपण आणि चिवटपणा यांचे श्रेय त्यांना निःसंशय द्यावे. पण 1736 साली चिमाजी अप्पांनी सिद्दी सातास रणात मारल्यावर त्यांची सत्ताही खचलीच. किल्ला तेवढा राहिला, तोही संस्थान म्हणून 1948 पर्यंत.

म्हणजे न आलेली रसद, न आलेली कुमक, अर्धा राहिलेला सेतू. हे सांगायला अवघड जाते, कारण त्यात दोष आपल्याच माणसांकडे येतो. 'अजिंक्य' म्हटले की कुणालाच काही विचारावे लागत नाही. (आपल्या इतिहासकथनात अशी सोयीची विशेषणे आणखीही सापडतील. असो.)

मुरूडच्या किनाऱ्यावरून पद्मदुर्ग स्पष्ट दिसतो, तरी होड्या तिकडे क्वचितच वळतात. त्याच्या तटाचे दगड खाऱ्या वाऱ्याने झिजून खोल गेले आहेत आणि सांध्यांतला चुना मात्र तसाच पुढे उभा आहे. समुद्र शांत असेल तेव्हा एखादी सकाळ तिथे घालवावी, आणि मग हवे तर दुपारी जंजिऱ्याला जावे.