खासगी शाळांना कायदा, झेडपीच्या शाळांना परिपत्रक!

आज थोडं लांब लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्याच पोरांचा आहे.

आपल्या राज्यात खासगी शाळांसाठी काही करायचं झालं तर विधिमंडळात कायदा होतो. २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा बघा. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात त्यात दुरुस्ती झाली आणि कंपन्यांनाही शाळा काढायची वाट मोकळी झाली. विधेयक आलं, सभागृहात मंजूर झालं, सगळं रीतसर. आणि जिल्हा परिषदेची शाळा बंद पाडायची असेल तर काय लागतं? एक जीआर. कधी कधी तर नुसतं आयुक्त कार्यालयाचं पत्रही पुरतं.

माझं भांडण इथंच आहे. सरकारी शाळा सुधारायला हव्यात याबद्दल वाद नाही. वाद हा आहे की सुधारणेच्या नावाखाली जे चाललंय ते आपण निवडून दिलेल्या सभागृहात न मांडता, मागच्या दाराने का चाललंय?

जरा क्रमाने बघू.

२०१७ च्या शेवटी दहापेक्षा कमी पटाच्या १३०० च्या वर शाळा बंद करायचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले गेले. पानशेत आणि तोरणमाळचे दाखले दिले. राज्यात अशा शाळा जवळपास १५ हजार आणि त्यात शिकणारी मुलं पावणेदोन लाखांच्या वर. त्याच महिन्यात दत्तक शाळा योजना आली. देणगी द्या, शाळेला तुमचं नाव लावा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आरटीईच्या नियमात बदल केला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के गरीब मुलं घेण्यातून सूट! म्हणजे एरवी ज्या झेडपी शाळेकडे ढुंकून बघायचं नाही, तीच शाळा खासगीवाल्यांची सुटका करायला बरोबर आठवली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. केंद्राच्या कायद्याने दिलेला हक्क राज्याच्या अधिसूचनेने काढता येत नाही, एवढं साधं गणित कोर्टात जाऊन सोडवावं लागलं.

आणि सगळ्यात वाईट, १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा जीआर. सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असेल तर शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही. शून्य शिक्षक. शाळा बंद केली असं कुणी म्हणणार नाही, बोर्ड तसाच राहील, फक्त शिकवायला माणूस नसेल. आता आरटीई कायदा काय सांगतो? सहावी ते आठवीला वर्गाला किमान एक शिक्षक, म्हणजे विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना प्रत्येकी एक. हे २००९ साली संसदेने मंजूर केलंय. संसद म्हणते तीन, जीआर म्हणतो शून्य. यात मोठं कोण, हे शाळकरी पोरगंही सांगेल.

आता दुसरी बाजू. मला रोज ऐकवली जाते म्हणून तीही मांडतो.

पहिला मुद्दा खर्चाचा. "सात पोरांसाठी दोन मास्तर, लाख-दीड लाख पगार, परवडतं का?" मी विचारतो, पट सातवर आला कसा? आमच्या तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर वीस वर्षं फिरतोय, जवळपास सगळीकडे एकच गोष्ट बघितली. एका शिक्षकाची बदली होते, जागा भरत नाही. उरलेला एकटा मास्तर चार वर्ग घेऊन बसतो. वरून बीएलओचं काम, सर्वेक्षणं, पोषण आहाराची नोंद, यूडायस, रोज नवीन ॲप, रोज नवीन लिंक, फोटो काढा आणि ग्रुपवर टाका. आईबापाला दिसतं की पोरगं दिवसभर मोकळंच बसतंय. ते कर्ज काढून पोराला पिवळ्या गाडीत बसवतात आणि इंग्लिश मीडियमला धाडतात. पट घटतो. मग संचमान्यतेत दुसरं पदही जातं. पट कमी म्हणून शिक्षक काढायचा, शिक्षक नाही म्हणून पट कमी होणार, आणि शेवटी म्हणायचं, "बघा, लोकांनाच ही शाळा नकोय."

दुसरा मुद्दा, मोठी शाळा म्हणजे चांगली शाळा. ग्रंथालय, प्रयोगशाळा, खेळायला सोबती. खोटं नाही. दहा मुलांच्या शाळेत कबड्डीचे दोन संघसुद्धा होत नाहीत. एखाद्या गावाने विचार करून, गाडीची खात्री घेऊन पोरं मोठ्या शाळेत पाठवली तर माझी हरकत नाही. पण ते गावाला विचारून व्हावं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाडी वस्तीवर येत नाही, हे मंत्रालयात बसून कळत नाही. कागदावरच्या वाहतूक भत्त्याने पोरगं शाळेत पोचत नाही. आणि आठ वर्षांचा मुलगा एक वेळ पायपीट करेल, सातवीतल्या मुलीला तीन-चार किलोमीटर एकटी कोण पाठवतो? तिची शाळा तिथंच संपते. पुढं काय होतं ते आपल्याला माहीत आहे, दरवर्षी उन्हाळ्यात पत्रिका येतातच.

तिसरा मुद्दा, "मास्तर शिकवतच नाहीत." काही ठिकाणी खरं आहे. तालुक्याच्या गावाला राहायचं, मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव जोडायचा आणि घरभाडे भत्ता उचलायचा, हे चालतं. ठराव देणारे गाववालेही त्यात सामील. ज्या शिक्षक संघटना बदल्यांवर मोर्चे काढतात, त्यांनी यावर बोलताना मी फारसं ऐकलेलं नाही. अशांवर कारवाई जरूर करा. पण मास्तर चुकला म्हणून शाळा बंद, हा कुठला न्याय? तलाठी सज्जावर सापडत नाही म्हणून सातबारा बंद केलाय का कुणी?

आणि झेडपीची शाळा उभी राहू शकते हे काय वेगळं सांगायला हवं? शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेत प्रवेशासाठी रांगा लागल्या. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. परितेवाडी काय महानगर आहे? तिथेही शिक्षक होता, म्हणून शाळा होती.

आणखी एक आठवण करून देतो. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापाला महिना १ रुपया दंड. एका संस्थानाच्या तिजोरीला ते परवडलं. आज आईबाप स्वतःहून पोरं पाठवतायत आणि देशातल्या सगळ्यात श्रीमंत राज्याला शिक्षक परवडत नाही?

मग करायचं काय? माझं म्हणणं आहे की सरकारने सरकारी शाळांसाठी सरळ विधेयक आणावं आणि सभागृहात चर्चा करावी. त्यात निदान चार गोष्टी असाव्यात.

१. शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय कुठलीही शाळा बंद किंवा विलीन करायची नाही.

२. पट कितीही असो, पहिली ते पाचवीला किमान दोन कायम शिक्षक. सहावी ते आठवीला आरटीईप्रमाणे विषय शिक्षक.

३. आरटीईच्या कलम २७ नुसार जनगणना, निवडणूक आणि आपत्ती एवढीच कामं शिक्षकाला. 'निवडणूक' म्हणजे वर्षभर मतदार याद्या घेऊन दारोदार फिरणं नव्हे, हे स्पष्ट लिहा. बाकी कामाला वेगळा माणूस नेमा.

४. रिक्त पदं भरायला मुदत, आणि मुदतीत न भरल्यास जबाबदार कोण, हे कायद्यातच लिहिलेलं.

होईल का हे? गेल्या वर्षीचं आठवा. पहिलीपासून हिंदीच्या जीआरवर राज्य पेटलं, सगळे पक्ष बोलले, आणि २९ जून २०२५ ला सरकारला दोन्ही जीआर मागे घ्यावे लागले. म्हणजे आपण ओरडलो की जीआर मागे जातो. कुठली भाषा शिकवायची यावर आपण एवढे भांडलो, चांगलं केलं. पण शिकवायला माणूसच नाही यावर तेवढा आवाज का निघत नाही? वाड्यावस्त्यांवरच्या पोरांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात, त्यांच्याकडे चॅनेलचे कॅमेरे नाहीत, म्हणून?

पुढच्या अधिवेशनाआधी आपल्या आमदारांना एकच प्रश्न विचारा, लग्नात भेटोत नाहीतर उद्घाटनाला: "साहेब, १५ मार्चच्या जीआरवर तुम्ही सभागृहात काय बोललात?" उत्तर काय मिळतं ते कमेंटमध्ये लिहा. पक्ष कुठलाही असो, जसंच्या तसं छापतो.

आणि तुमच्या गावच्या शाळेत यंदा किती मुलं, किती शिक्षक, तेही लिहा. तालुक्याची यादी आपणच करू.